हिप-हॉप संगीतातील स्त्रिया

हिप-हॉप संगीतातील स्त्रिया : अमेरिकेच्या न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास उदयास आलेल्या हिप-हॉप ह्या कलाप्रकारातील स्त्रियांची निर्मिती आणि तिचा त्या कलाप्रकारावर पडलेला प्रभाव. हिप-हॉपची सामान्यतः चार अंगे मानली जातात : तालावर यमकबद्ध शब्द लयीत म्हणण्याची रॅप ही कला, दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून त्यांवरील संगीतातील नेमका ठेक्याचा तुकडा लांबविण्याचे ‘डीजे’चे, म्हणजे तबकडीवादकाचे, कौशल्य, ब्रेक-नृत्य, आणि भिंतींवर व आगगाड्यांवर रंगाच्या फवाऱ्याने केलेले चित्रलेखन. ह्या चारही अंगांत स्त्रिया आढळतात. एक्वादोरमध्ये जन्मलेली व न्यूयॉर्कमध्ये वाढलेली चित्रकर्ती लेडी पिंक (१९६४– ) ही भुयारी रेल्वेच्या डब्यांवरील चित्रांमुळे प्रसिद्धीस आली, तर जॅझी जॉइस, स्पिंडरेला ह्या तबकडीवादक म्हणून नावाजल्या गेल्या. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे रॅपचा विचार केला आहे.

रॅप ही मूलतः पुरुषांची कला असून स्त्रिया तीत मागाहून आल्या, असा समज रूढ आहे. तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. स्त्रिया आरंभापासून होत्याच. बदलत गेली ती त्यांना मिळणारी जागा. वस्तीतील मेळाव्यांत त्या गटातील एक वाक्‌पटू म्हणून उभ्या राहत. ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू झाल्यावर मात्र त्यांना प्रवेश मिळाला, तो बहुधा पुरुषाच्या गीताला उत्तर देणारी स्त्री म्हणून. हे उत्तर देणे त्यांचे बलस्थानही ठरले आणि बंधनही. रॅपमधील स्त्रियांच्या कार्याचे मूल्यमापन करताना कोणी किती तबकड्या खपविल्या ह्यापेक्षा ह्या बंधनातून कोण कसे बाहेर पडले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्रारंभ : हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख सांगितली जाते. त्या दिवशी ब्राँक्समधील १५२० सेज्विक ॲव्हेन्यू ह्या इमारतीच्या मनोरंजन-कक्षात एक मेळावा झाला आणि त्यात क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ डीजे कूल हर्क ह्याने तबकड्या वाजविल्या. इतिहासात नाव राहिले ते हर्कचे. परंतु मेळावा भरविला होता तो त्याची बहीण सिंडी कॅम्बेल हिने. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी तिला पैसे हवे होते. जागा भाड्याने घेणे, आमंत्रणपत्रे लिहिणे, मुलींना २५ सेंट व मुलांना ५० सेंट असे प्रवेशशुल्क ठेवणे, ही सर्व योजना तिची होती. नव्या कलेच्या पहिल्या प्रसंगाची आयोजक एक शाळकरी मुलगी असावी आणि तिचा उल्लेख बराच काळ तळटीपेसारखा व्हावा, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

रॅपच्या उगमाचा शोध घेताना आफ्रिकी-अमेरिकन पुरुषांची बढाईची पद्ये, जमैकातील ध्वनिक्षेपकावरील निवेदने इत्यादींचा निर्देश नेहमी केला जातो. संगीत-अभ्यासिका काइरा गाँट हिने द गेम्स ब्लॅक गर्ल्स प्ले (२००६) ह्या ग्रंथात त्यांच्या जोडीला आणखी एक उगम दाखवून दिला : कृष्णवर्णीय मुलींचे टाळ्यांचे व दोरीउड्यांचे खेळ. दोन दोऱ्यांच्या फेऱ्यांत पायांचा ताल न चुकविता यमके म्हणत राहणे, त्यांत आपले नाव गुंफणे, समोरच्या मुलीस डिवचणे ह्या गोष्टी रॅपच्या अगदी जवळच्या आहेत. खेळ म्हणून त्यांची गणना झाली, कला म्हणून झाली नाही, एवढाच काय तो भेद.

ध्वनिमुद्रणपूर्व काळातील सर्वांत महत्त्वाची रॅप-कलावती म्हणजे शा-रॉक. फंकी फोर प्लस वन ह्या ब्राँक्समधील गटात चार पुरुषांबरोबर ती होती. गटाच्या नावातील ‘अधिक एक’ ही तीच. नावात ती बाहेरून जोडलेली वाटते. प्रत्यक्ष गाण्यात तसे नाही. दॅट्स द जॉइंट (१९८०) ह्या ध्वनिमुद्रिकेत ओळी एकाकडून दुसऱ्याकडे इतक्या वेगाने जातात, की कोणाची ओळ कोठे संपली हे चटकन ध्यानात येत नाही. तीत शा-रॉक कोणाला उत्तर देत नाही व कोणाची प्रेयसीही होत नाही. पाचांपैकी एक म्हणून ती आपला वाटा उचलते. स्पष्ट उच्चार, श्वासावरील ताबा आणि प्रतिध्वनियंत्राचा सूचक वापर ही तिची वैशिष्ट्ये होत. रन-डीएमसी ह्या पुढे विख्यात झालेल्या गटातील डॅरिल मॅकडॅनिएल्स ह्याने तिचे ऋण मान्य केले आहे. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ ह्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात हा गट झळकला. एखाद्या हिप-हॉप गटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर केलेला हा पहिला प्रयोग मानला जातो आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो त्या दिवसाची निवेदिका व ब्लाँडी गटातील गायिका डेबी हॅरी हिने. मर्सिडीज लेडीज हा केवळ मुलींचा गटही ह्याच काळात ब्राँक्समध्ये गाजत होता. मात्र ध्वनिमुद्रणाअभावी त्याचे नाव आठवणींपुरतेच उरले.

ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायाचा आरंभही एका स्त्रीनेच केला. सिल्व्हिया रॉबिन्सन (१९३५–२०११) ही स्वतः गायिका. मिकी अँड सिल्व्हिया ह्या जोडीतील तिचे गीत १९५० नंतरच्या दशकात गाजलेले होते. १९७९ मध्ये तिने पतीसमवेत न्यू जर्सी राज्यातील एंगलवुड येथे शुगर हिल रेकॉर्ड्‌स ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी रॅपर्स डिलाइट ही ध्वनिमुद्रिका काढली. रॅपला अमेरिकाभर पोहोचविणारी ती पहिली ध्वनिमुद्रिका होय. द मेसेज (१९८२) ह्या वस्तीतील दैन्याचे चित्रण करणाऱ्या गीताची निर्मितीही तिच्याच आग्रहाने झाली. ज्या गटाच्या नावावर ते प्रसिद्ध झाले, तो गट आरंभी त्याला अनुकूल नव्हता. रॅप हे केवळ नाचण्याचे संगीत नसून त्यात सामाजिक आशय मावू शकतो, हे तिने व्यापारी दृष्टीनेही ओळखले होते. रॉबिन्सनच्याच संस्थेने साउथ कॅरोलायनातील कोलंबिया येथील तीन तरुणींचा द सीक्वेन्स हा गट पुढे आणला. त्यांची फंक यू अप (१९७९) ही स्त्री-गटाची पहिली प्रमुख रॅप-ध्वनिमुद्रिका. ह्या तिघींतील अँजी ब्राउन ही पुढे अँजी स्टोन (१९६१–२०२५) ह्या नावाने ‘सोल’ संगीतातील श्रेष्ठ गायिका म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील नभोवाणी-निवेदिका लेडी बी हिचीही ध्वनिमुद्रिका निघाली. रॅपच्या मुद्रित इतिहासाचे पहिलेच वर्ष अशा प्रकारे स्त्रियांच्या कार्याने भरलेले आहे.

तथापि ध्वनिमुद्रिकेने कलेचे स्वरूप पालटले. मेळाव्यात गट महत्त्वाचा असतो. बाजारात व्यक्ती, तिचे नाव आणि तिची प्रतिमा विकली जाते. स्त्रीची कोणती प्रतिमा खपेल, ह्याचा निर्णय आता निर्मात्यांच्या व नभोवाणी केंद्रांच्या हाती गेला.

उत्तरगीते : गाजलेल्या गीतातील पात्राच्या किंवा प्रतिपक्षाच्या भूमिकेतून रचलेल्या गीतास उत्तरगीत म्हणता येईल. अमेरिकन लोकप्रिय संगीतात हा प्रकार जुना आहे. १९८४ मध्ये यूटीएफओ ह्या गटाचे रॉक्सॅन, रॉक्सॅन हे गीत लोकप्रिय झाले. त्यात तीन तरुण आळीपाळीने आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतात आणि रॉक्सॅन नावाची मुलगी त्यांना दाद देत नाही. तिघे बोलतात, जिच्याविषयी ते बोलतात ती मात्र गीतभर गप्प आहे. क्वीन्सब्रिज ह्या वसाहतीत राहणाऱ्या लोलिता शांटे गुडन (१९६९– ) ह्या चौदा वर्षांच्या मुलीने ह्या गप्प पात्राला वाचा दिली. निर्माता मार्ली मार्ल ह्याच्या घरातच ध्वनिमुद्रित झालेले रॉक्सॅन्स रिव्हेंज (१९८४, म. शी. रॉक्सॅनचा सूड) हे तिचे गीत यूटीएफओच्याच ठेक्यावर रचलेले होते, तिघांचीही नावे घेऊन ती एकेकाचा समाचार घेते. रॉक्सॅन शांटे हे नाव तिला ह्याच गीताने दिले. तिचा किंचित चिरका, बालिश आवाज आणि कोणालाही न जुमानणारी वाक्‌पटुता ह्यांचा संयोग श्रोत्यांना पूर्णतः नवा होता. पुढे खुद्द यूटीएफओच्या निर्मात्यांनी ‘द रिअल रॉक्सॅन’ नावाची दुसरीच तरुणी पुढे आणली, स्पार्की डी हिने शांटेला आव्हान दिले, रॉक्सॅनच्या आईवडिलांच्या नावानेही गीत निघाले आणि अल्पकाळात अशा उत्तरांची व प्रत्युत्तरांची डझनावारी भर पडली.

मराठी वाचकास येथे कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांचे स्मरण होईल. साम्य आहेच, पण तेथे दोन्ही पक्षांचे फड एकमेकांसमोर बरोबरीने उभे असतात. रॉक्सॅन-प्रकरणात सवाल पुरुषांचा, ठेका पुरुषांचा आणि जवाबाचे हक्कही बहुतांशी पुरुषांच्याच हाती, अशी स्थिती होती. शांटेच्या गीताचे यश निर्विवाद असले, तरी त्याने एक पायंडाही पाडला : स्त्रीने रॅपमध्ये यावयाचे ते कोणाचे तरी म्हणणे खोडून काढण्यासाठी. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘न्यू म्यूझिक सेमिनार’च्या जाहीर रॅप-स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, तेथे बिझी बी विजयी ठरला. परीक्षकांपैकी कर्टिस ब्लो ह्याने तिला कमी गुण देण्यामागे ती मुलगी असल्याचा विचार होता, हे नंतर मान्य केले. ज्या कलेत प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी नमविणे हीच कसोटी, त्या कलेतील ही कसोटीदेखील स्त्रीला समान नव्हती. ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीने २०२५ मध्ये शांटेला जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा तिच्या पहिल्या गीताला चाळीस वर्षे होऊन गेली होती.

सॉल्ट-एन-पेपा ह्या जोडीचा (शेरिल जेम्स व सँड्रा डेंटन) उगमही उत्तरगीतातच आहे. डग ई. फ्रेश ह्याच्या द शो ह्या गीताला उत्तर म्हणून हर्बी अझोर ह्याने १९८५ मध्ये त्यांच्याकडून गीत गाऊन घेतले. हॉट, कूल अँड व्हिशस (१९८६) हा त्यांचा पहिला संग्रह आणि पुश इट (१९८७) हे जगभर गाजलेले गीत. त्यांच्या आरंभीच्या गीतांचे शब्द मुख्यतः अझोरचे; म्हणजे स्त्रीने दिलेले उत्तरही पुरुषाने लिहिलेले. ब्लॅक्स मॅजिक (१९९०) ह्या संग्रहातील एक्सप्रेशन हे गीत मात्र शेरिल जेम्स हिने स्वतः लिहिले व त्याची निर्मितीही केली. ते रॅपगीतांच्या क्रमवारीत दीर्घकाळ अग्रस्थानी राहिले. लैंगिकतेविषयी मोकळेपणाने बोलणारे त्यांचे १९९१ मधील गीत पुढे एड्स रोगाविषयीच्या लोकशिक्षणासाठी नव्या शब्दांत पुन्हा गायिले गेले. १९९५ मध्ये ग्रॅमी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री-रॅप कलावंतांत त्यांची व क्वीन लतीफाची गणना होते. आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी परत मिळावी म्हणून ह्या दोघींनी २०२५ मध्ये युनिव्हर्सल म्यूझिक ग्रुपविरुद्ध दावा दाखल केला. शब्द कोणाचे ह्या प्रश्नाइतकाच तबकडी कोणाची हा प्रश्नही किती लांबत जातो, हे त्यावरून दिसते.

ह्या पिढीतील सर्वांत कसदार रचनाकार एमसी लाइट (१९७०– ) ही होय. तिचा लाइट ॲज अ रॉक (१९८८) हा एकट्या रॅप-कलावतीचा पहिला पूर्ण दीर्घध्वनिमुद्रिका-संग्रह समजला जातो. तिची पहिलीच ध्वनिमुद्रिका, कुमारवयात लिहिलेली, एका मुलीची प्रेमकथा सांगते : सॅम नावाचा प्रियकर तिला टाळू लागतो, कोणी दुसरी मुलगी असावी असा तिला संशय येतो आणि अखेर उलगडते, की ही सवत म्हणजे ‘क्रॅक’ हे मादक द्रव्य आहे. ह्या काळातील अनेक गीतांनी क्रॅकविषयी उपदेश केला. लाइटने उपदेश न करता मत्सरकथेची ओळखीची चौकट वापरली आणि तिच्या शेवटी भीषण सत्य ठेवले. पेपर थिन ह्या गीतात प्रियकराच्या गोड शब्दांवर ती अविश्वास दाखविते, तोही रागाने नव्हे, तर हिशेबनिसाच्या थंडपणाने. तिचा खालच्या पट्टीतील, खरखरीत व संथ आवाज हे तिचे मोठेच भांडवल. उत्तरगीताचा आक्रस्ताळेपणा तिने टाकून दिला आणि कथाकाराची भूमिका घेतली. स्त्री-रॅपच्या इतिहासातील हे पहिले खरे वळण म्हणता येईल. टीकाकारांनी मात्र त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

न्यू जर्सीतील न्यूअर्क येथील क्वीन लतीफा (मूळ नाव डेना ओवेन्स, १९७०– ) हिने ऑल हेल द क्वीन (१९८९) ह्या संग्रहाने राज्ञीची प्रतिमा निर्माण केली. लंडनच्या मोनी लव्ह हिच्यासमवेत गायिलेल्या लेडीज फर्स्ट ह्या गीताच्या चित्रफितीत सोजर्नर ट्रूथ, अँजेला डेव्हिस, विनी मंडेला इ. स्त्रियांच्या प्रतिमा येतात आणि दक्षिण आफ्रिकेच्या नकाशावरील गोऱ्या सत्तेची प्यादी लतीफा दूर सारते. स्त्रियांचा कैवार व वर्णद्वेषविरोधी लढा एकाच दृश्यात गुंफल्यामुळे ही चित्रफीत उल्लेखनीय ठरली. यू.एन.आय.टी.वाय. (१९९३) ह्या गीतात रस्त्यावरील छेडछाड, घरातील मारहाण आणि स्त्रियांसाठी रॅपमध्ये सर्रास वापरले जाणारे अपशब्द ह्यांचा ती जाब विचारते. काव्य म्हणून हे गीत लाइटच्या रचनांइतके सूक्ष्म नाही. पण रॅपच्या भाषेलाच रॅपमधून प्रश्न विचारणारे ते सर्वांत परिणामकारक गीत होय.

हा प्रश्न अनाठायी नव्हता. १९९० च्या आगेमागे पश्चिम किनाऱ्यावर ‘गँगस्टा रॅप’ हा प्रकार फोफावला. त्यात पोलिसी अत्याचारांविरुद्धचा संताप आणि स्त्रियांविषयीची तुच्छता ही दोन्ही एकत्र नांदत. लॉस अँजेल्सची यो-यो हिने त्याच वर्तुळात राहून आइस क्यूबशी गीतातच वाद घातला. वास्तवातील हिंसा मात्र गीतांपुरती नव्हती. दूरचित्रवाणी-निवेदिका डी बार्न्स हिच्यावर १९९१ मध्ये निर्माता डॉ. ड्रे ह्याने हल्ला केला; न्यायालयात त्याने आरोपाचा प्रतिवाद केला नाही. त्याच्या गटावरील चित्रपट २०१५ मध्ये निघाला, त्यातून हा प्रसंग वगळण्यात आला होता. टीका झाल्यावर त्याने आपल्यामुळे दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली. २००४ मध्ये अटलांटातील स्पेलमन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींनी रॅपगायक नेली ह्याच्या एका चित्रफितीतील स्त्रीदेहाच्या चित्रणाविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा त्याचा तेथील नियोजित कार्यक्रमच रद्द झाला. रॅपवर प्रेम करणाऱ्या स्त्रीने ह्या विसंगतीसह कसे जगावे, ह्या पेचाला लेखिका जोन मॉर्गन हिने १९९९ मध्ये ‘हिप-हॉप स्त्रीवाद’ अशी संज्ञा देऊन चर्चेत आणले.

प्रतिमा आणि कर्तृत्व : नोव्हेंबर १९९६ मध्ये लिल किम हिचा हार्ड कोअर आणि फॉक्सी ब्राउन हिचा इल ना ना हे संग्रह प्रसिद्ध झाले. उघड शृंगारिक भाषा, किमती वस्त्रे आणि गुन्हेगारी जगाच्या आत्मविश्वासपूर्ण गोष्टी ह्यांमुळे त्यांच्याविषयी दोन टोकांची मते व्यक्त झाली. पुरुषांच्या वासनेचा माल होणे एवढेच त्यांनी केले, असे एक मत. पुरुषांच्या बढाईची भाषा त्यांनी उलटी फिरविली, असे दुसरे. ह्या वादात त्यांच्या लयकारीचा विचार मागे पडला. किमच्या ओळींतील आघातांची योजना आणि वाक्य तोडण्याची तऱ्हा निश्चितच अभ्यसनीय आहे. दोघींच्या शब्दरचनेत अनुक्रमे नोटोरियस बी.आय.जी. व जे-झी ह्या पुरुष-कलावंतांचा सहभाग होता आणि त्यावरून त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेतली गेली. वस्तुतः रॅपर्स डिलाइटमधील एका पुरुष-गायकाच्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ ह्याच्याकडून उचललेल्या होत्या आणि डॉ. ड्रेचे शब्द इतरांनी लिहिलेले असल्याचे सर्वज्ञात आहे. त्यावरून त्यांचे स्थान डळमळले नाही. लेखकत्वाची कसोटी स्त्री-पुरुषांना सारखी लावली जात नाही, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

ह्या काळात प्रत्येक पुरुषप्रधान गटात एकच स्त्री असावी, तिला त्या गटाची ‘फर्स्ट लेडी’ म्हणावे, अशी प्रथाच पडली. ईव्ह हिच्या १९९९ मधील पहिल्या संग्रहाच्या नावातच ते बिरुद आहे. न्यू ऑर्लीन्सची मिया एक्स, मेंफिसची गँगस्टा बू (१९७९–२०२३) ह्याही अशाच गटांत पुढे आल्या. एकीसाठीच जागा असल्यामुळे दुसरी आली की पहिलीशी तिचे वैर लावून देणे ओघाने आले. अभ्यासिका शेरिल कीझ हिने २००२ मध्ये रॅप-कलावतींची राणीमाता, नखरेल तरुणी, तोऱ्यातील बहीण आणि समलिंगी स्त्री अशी चतुर्विध वर्गवारी मांडली; एकच कलावती एका वर्गातून दुसऱ्यात जाऊ शकते, हेही तिने सांगितले. वर्गवारी उपयुक्त आहे. परंतु तिचा आधार कलावतीची प्रतिमा हाच आहे. पुरुष-रॅपरांची वर्गवारी प्रदेश, शैली व लय ह्यांवरून होते, हे येथे विसरता येत नाही.

लॉरिन हिल (१९७५– ) हिने फ्यूजीज गटाच्या द स्कोअर (१९९६) मधून रॅप व गायन ह्यांवरील समान प्रभुत्व दाखविले. द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल (१९९८) ह्या तिच्या एकमेव स्टुडिओ-संग्रहास १९९९ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. ‘वर्षातील सर्वश्रेष्ठ संग्रह’ हा त्यांतील पुरस्कार हिप-हॉपला प्रथमच लाभला. म्हटलेला शब्द आणि गायिलेला स्वर ह्यांतील सीमारेषा तिने इतकी सहज पुसली, की पुढील दोन दशकांतील पुरुष-रॅपरांनीही तीच वाट धरली. संग्रहावर काम केलेल्या चार वादक-रचनाकारांनी श्रेय डावलल्याचा दावा तिच्यावर लावला. २००१ मध्ये तो तडजोडीने मिटला. सहकाऱ्यांचे श्रेय हा प्रश्न गंभीरच होता. तथापि त्यावरून संपूर्ण संग्रह तिचा नव्हेच, असे म्हणण्यापर्यंत काहींची मजल गेली, ती समर्थनीय नाही.

उत्तराच्या चौकटीतून पूर्णतः बाहेर पडली ती मिसी एलियट (१९७१– ). व्हर्जिनियातील पोर्टस्मथ येथे जन्मलेली ही गीतकार, गायिका, रॅपर आणि निर्माती टिंबलँड ह्या सहकाऱ्यासह आधी इतरांसाठी लिहीत होती. आलिया ह्या गायिकेच्या १९९६ मधील संग्रहात त्यांचा मोठा वाटा आहे. सुपा डुपा फ्लाय (१९९७) पासून तिने स्वतःचे संग्रह काढले. द रेन ह्या गीताच्या चित्रफितीत ती हवा भरलेल्या काळ्या फुगीर पोशाखात वावरते. स्त्रीदेहाकडे पाहण्याची ठरीव नजर तेथे नुसती नाकारली जात नाही, तर तिची चेष्टा होते. मिसीच्या गीतांत शब्द अर्थापेक्षा नादासाठी येतात : चुटक्या, हसणे, प्राण्यांचे आवाज, अर्धवट तोडलेली अक्षरे हे सर्व तालाचेच भाग बनतात. गेट अर फ्रीक ऑन (२००१) ह्या गीताचा कणा पंजाबी तुंब्याच्या सहा-सात स्वरांच्या आवर्तनावर उभा आहे. भारतीय लोकवाद्याच्या नादावर अमेरिकन रॅपचा इतका यशस्वी डोलारा तत्पूर्वी क्वचितच उभारला गेला असेल. वर्क इट (२००२) मध्ये तिने एक ओळ उलटी फिरवून तिचेच पालुपद केले. पुरुष काय म्हणतात, ह्याला उत्तर देण्याची तिला गरजच भासत नाही. ती ध्वनीचीच नवी व्यवस्था मांडते आणि इतरांना तिच्यामागे यावे लागते. गीतकारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये २०१९ साली आणि ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये २०२३ साली तिचा समावेश झाला, दोन्ही ठिकाणी हा मान मिळविणारी ती पहिली रॅप-कलावती होय. तिला पूर्वसूरी म्हणावी अशा सिल्व्हिया रॉबिन्सनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान मरणोत्तर, २०२२ मध्ये मिळाला.

मिसीचे यश असूनही २००३ नंतर स्त्रियांच्या ध्वनिमुद्रिका रोडावल्या. स्त्री-रॅपरांसाठीचा स्वतंत्र ग्रॅमी पुरस्कार २००३ व २००४ ह्या दोनच वर्षी दिला गेला, दोन्ही वेळा तो मिसीने मिळविला आणि त्यानंतर तो बंद झाला. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या निकी मिनाज (१९८२– ) हिने पिंक फ्रायडे (२०१०) ह्या संग्रहाने ही कोंडी फोडली. एकाच कडव्यात आवाजाची अनेक पात्रे उभी करण्याचे तिचे नाट्यगुण असामान्य आहेत. तरीही काही वर्षे ती एकटीच राहिली. एकीचीच जागा हा नियम मोडला नव्हता. कार्डी बी हिचे बोडॅक येलो (२०१७) अमेरिकन गीतांच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी गेले, तेव्हा दुसऱ्या कलावंताच्या साहाय्याविना तेथे पोहोचणारी ती लॉरिन हिलनंतरची, म्हणजे १९ वर्षांनंतरची, पहिली स्त्री-रॅपर ठरली. त्यानंतर मेगन दी स्टॅलियन, रॅप्सडी, डोची अशा भिन्न प्रकृतीच्या कलावती एकाच वेळी नावारूपास आल्या. रॅप्सडीच्या ईव्ह (२०१९) ह्या संग्रहातील प्रत्येक गीतास एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव आहे. सर्वोत्कृष्ट रॅप-संग्रहाचा ग्रॅमी कार्डी बी हिला २०१९ मध्ये व डोचीला २०२५ मध्ये मिळाला. मेगनवर जुलै २०२० मध्ये गोळीबार झाला. टोरी लेन्झ हा रॅपगायक २०२२ मध्ये त्याबद्दल दोषी ठरला व पुढील वर्षी त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात तिच्या कथनावर अविश्वास दाखविणारे थोडे नव्हते. आपल्या २०२० मधील संग्रहाचा आरंभ तिने ह्याच प्रसंगावरील गीताने केला. उत्तरगीताचा जुना घाट येथे पुन्हा येतो, पण विनोदाची किंवा खेळाची छटा त्यात उरलेली नाही.

अमेरिकेबाहेर : फ्रान्समध्ये दियाम्स हिचा २००६ मधील संग्रह त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपला. चिलीची आना तिजू, मर्क्युरी पारितोषिक मिळविणाऱ्या ब्रिटनमधील मिस डायनामाइट (२००२) व लिटल सिम्झ (२०२२) ह्याही महत्त्वाच्या होत. अफगाणिस्तानातून निर्वासित झालेल्या सोनिता अलीझादे हिने २०१४ मध्ये वधूविक्रीच्या प्रथेविरुद्ध रॅपगीत रचले. तिचे स्वतःचे लग्न पैशांसाठी ठरविण्याचा घाट घरात घातला जात होता.

भारतात २००७ च्या सुमारास हार्ड कौर हिने पंजाबी-हिंदी रॅप लोकप्रिय केले. मुंबईत डी एमसी हिने हिंदी रॅपच्या पुरुषप्रधान मेळाव्यांत स्वतःचे स्थान मिळविले. महादेव कोळी ह्या आदिवासी जमातीतील माही जी ही मराठी व हिंदी रॅपमधून जंगल, पर्यावरण आणि आदिवासींचे हक्क हे विषय हाताळते. प्रियकर, प्रतिस्पर्धी किंवा स्वतःची बढाई ह्या ठरलेल्या विषयांपासून ती दूर आहे.

चेन्नईची सोफिया अश्रफ हिचे कोडाइकॅनल वोंट (२०१५) हे गीत ह्या दृष्टीने वेगळा विचार करण्याजोगे आहे. कोडाइकॅनल येथील तापमापकांच्या कारखान्यातून झालेले पाऱ्याचे प्रदूषण आणि त्याने बाधित झालेले कामगार हा त्याचा विषय. गीताची चाल निकी मिनाजच्या ॲनाकोंडा (२०१४) ह्या गीताची आहे आणि ॲनाकोंडा हे स्वतः सर मिक्स-ए-लॉट ह्या पुरुष-रॅपराच्या १९९२ मधील गीताचे तुकडे वापरून त्याला दिलेले उत्तर आहे. पुरुषाने स्त्रीदेहाविषयी रचलेले गीत, त्याच्याच ठेक्यावर स्त्रीने दिलेला जवाब आणि मग तोच ठेका घेऊन दुसऱ्या खंडातील स्त्रीने एका उद्योगसंस्थेला विचारलेला जाब, अशी ही साखळी आहे. जगभर लाखो लोकांनी हे गीत ऐकले; मिनाजनेही त्याची जाहीर दखल घेतली. कामगारांचा लढा अर्थातच त्यापूर्वी अनेक वर्षे चालू होता. मार्च २०१६ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर ह्या कंपनीने ५९१ माजी कामगारांशी भरपाईचा समझोता केला. कारखान्याच्या जागेतील पारा किती प्रमाणात काढावयाचा, हा वाद त्यानंतरही चालू राहिला.